शेजारचा पाय

९ मे

प्रिय आत्या,

तुला नमस्कार. मायना एवढ्यावरच आटपते, कारण राग आवरत नाहीये. आधी फोनच करणार होते, पण फोनवर मी रडते आणि तू ओरडतेस, आणि दोघींचं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला.

मी नापास झाले. गाडी चालवण्याच्या परीक्षेत. तुझी सख्खी भाची, तुझ्या ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत शिकलेली, बाजाराच्या दिवशी भाजीच्या हातगाड्यांमधून गाडी काढणारी मी, इथल्या रिकाम्या, गुळगुळीत रस्त्यावर नापास झाले.

नीट क्रमाने सांगते. आपल्याकडचं लायसन्स इथे परदेशी माणसाला पहिलं वर्षभरच चालतं. मग परीक्षा देऊन इथलं काढावं लागतं. वर्ष कधीपासून मोजायचं, हे विचारायला मी परिवहन कार्यालयात गेले. एका खिडकीवरची बाई म्हणाली, तुम्ही देशात पाऊल ठेवलंत त्या दिवसापासून. शेजारच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, छे, राहता पत्ता नोंदवलात त्या दिवसापासून. दोघांच्या खुर्च्या एकमेकींना टेकलेल्या, पण दोघं एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. मी म्हटलं, मग खरं काय? बाई मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, ‘तुम्हाला. समजतंय. का. मी. काय. म्हणते?’ आत्या, मला समजत होतं. समजत होतं म्हणूनच तर विचारत होते!

शेवटी मी आपली आधीची तारीख धरली आणि त्या दिवशी गाडी बंद केली. तेव्हापासून सायकलवर आहे. औषधांची पिशवी पाठीला, ड्रेसिंगचं सामान पुढच्या टोपलीत. आमच्या नर्सांमधला एक ब्रदर म्हणाला, ‘अगं, चालव की गाडी. कोण बघतंय?’ मी म्हटलं, मी बघतेय. तो हसला. मला नाही हसू आलं.

तुला माहीतच आहे, मी घरोघर जाऊन म्हाताऱ्या आजाऱ्यांची जखम बांधते, इंजेक्शन देते, अंग पुसते. घरं लांब लांब, गावाबाहेर पसरलेली. सायकलवर त्यातली निम्मीच होतात. आमच्या मोठ्या सिस्टर चांगल्या आहेत, पण परवा त्यांनी दार लावून घेऊन सांगितलं की नेमणुकीत लायसन्सची अट आहे, ऑक्टोबर संपेपर्यंत त्या सांभाळून घेतील, पुढे त्यांचा इलाज नाही. नोकरी गेली की राहायची परवानगी गेली. म्हणजे थंडीत मी बॅग घेऊन तुझ्या दारात.

आता परीक्षा. परीक्षक उंच, शांत, गाडीत बसण्याआधीच मला विचारतो, ‘तुमच्याकडे रस्त्यांवर पट्टे आखलेले असतात का?’ मी म्हटलं, असतात, आणि आम्हाला ते वाचताही येतात. म्हणजे, असं म्हणायला हवं होतं. प्रत्यक्षात नुसतं ‘हो’ म्हटलं.

आणि निकाल काय? ‘निरीक्षण अपुरे.’ मी सायकलवाला पाहिला होता, बाबागाडी पाहिली होती, कुंपणावरचं मांजरसुद्धा पाहिलं होतं. तो म्हणाला, ‘पाहिलं असेल. पण तुम्ही पाहताना मला दिसला नाहीत.’ त्याचं म्हणणं, आरशात बघताना मान फिरली पाहिजे. तूच शिकवलंस ना, मान फिरली की हात फिरतो, मान खांबासारखी ठेव आणि डोळे फिरव? तर इथे डोळ्यांना किंमत नाही, मानेला आहे.

पुढची तारीख जूनअखेरची मिळालीय. तोवर काय करू, सांग.

तुझी,
मुंगी

२४ मे

मुंगे,

तुझं पत्र वाचलं आणि चहा गॅसवरच उतू गेला. कोण समजतो तो उंट स्वतःला? पट्टे असतात का म्हणे! पट्टे असतात, खड्डे असतात, आणि पट्टा खड्ड्यात गेला तरी गाडी सरळ ठेवणाऱ्या बायका असतात. त्यांतल्या अर्ध्या मी शिकवल्यात. त्याला एकदा माझ्या क्लासला पाठव. पहिल्याच दिवशी शाळा सुटायच्या वेळेला शाळेसमोरून गाडी काढायला लावते, मग बघू कोणाची मान कुठे फिरते.

तू कोणाला काही कळू देत नाहीस आणि आपणच झुरतेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. तुझ्या हातात काही खोट नाही. तुला अक्षरं शिकवली ती मी, ती पण माझ्या क्लासच्या भिंतीवरच्या फलकांवरून. बाकीची पोरं ‘ग गवताचा’ म्हणायची, तू ‘थ थांबाचा, व वळणाचा’ म्हणायचीस. शाळेत घातल्यावर बाईंनी तुझ्या बापाला बोलावून विचारलं होतं की ही मुलगी ‘ह’ला ‘हॉर्न वाजवू नये’ का म्हणते. अशी मुलगी निरीक्षणात नापास होते? हसू येतं मला.

तरी पण देश तसा वेश. त्यांना कोंबडी हवी असेल तर कोंबडी हो. दर आरशाला मान अशी फिरव की त्याच्या टोपीला वारा लागला पाहिजे. आरशासमोर उभी राहून सराव कर. आणि शेजारी कोणी बसलंय म्हणून दबू नकोस. माझ्या शेजारी किती निर्धास्त चालवायचीस, तेवढं आठव.

तुझ्या बापाला मी काही बोललेले नाही. तो लगेच म्हणेल, मुलीला एवढ्या लांब धाडायचंच कशाला. पुढच्या वेळेला पास होऊनच लिही.

आत्या

२ जुलै

प्रिय आत्या,

पास होऊन लिही म्हणालीस, म्हणून दोन दिवस लिहिलंच नाही. पण आता गप्प बसले तर माझं डोकं फुटेल.

मान फिरवली. इतकी फिरवली की दुसऱ्या दिवशी आमच्या सिस्टरांनी विचारलं, अवघडून झोपलीस का? वळणं नीट, गाडी मागे घेणं नीट, चढावर थांबून पुन्हा सुरू करणं तर असं, की ग्लासातलं पाणी हललं नसतं. तोच उंट शेजारी. शेवटी गाडी लावली, किल्ली काढली, आणि हा माणूस मला काय म्हणतो?

‘तुम्ही दर चौकात माझ्या पायांकडे बघता. का?’

मला वाटलं, भाषेचा घोटाळा झाला. पुन्हा विचारलं. त्याने बोट खाली करून दाखवलं. पायांकडे! म्हणाला, रस्त्याकडे बघायच्या वेळेला तुमची नजर खाली जाते, मग तुम्ही ब्रेक दाबता, आणि तो उशिरा लागतो. नापास.

आत्या, शरमेने माझे कान तापले. मी काय चप्पलचोर आहे? परक्या पुरुषाच्या पायांकडे बघत बसणारी मुलगी वाटले मी त्याला? असं काही कोणी आपल्या गावात बोललं असतं तर तू त्याला रस्त्यातच उभं करून सोललं असतंस. आणि शुद्ध खोटं आहे हे! मी कशाला बघायला जाते त्याचे ते तपकिरी बूट, डावी टाच बाहेरून झिजलेली, एका नाडीचं टोक तुटून दोरा सुटलेला? मला दुसरी कामं नाहीत?

मला वाटतं, त्याला परदेशी बाईला नापास करायचंच होतं. मान सापडली नाही म्हणून पाय शोधले. मी कार्यालयाकडे तक्रार करणार आहे. मसुदा लिहून ठेवलाय. त्यात ‘अपमानास्पद’ हा शब्द दोनदा आलाय, एकदाच ठेवू का? तुझं मत येईपर्यंत पाठवत नाही. पुढची तारीख ऑक्टोबरच्या मध्यात, त्याआधी रिकामी जागाच नाही म्हणतात. म्हणजे ही शेवटचीच.

तुझी,
मुंगी

१४ जुलै

मुंगे,

तक्रार करू नकोस. मसुदा ठेवून दे.

मला एवढंच कळव, ती नजर फक्त थांबायच्या वेळेला खाली जाते, की वळतानाही?

इकडे ठीक. गुडघा दुखतो. क्लासला या महिन्यात तीन नव्या आल्या आहेत, त्यातली एक बँकेतली, ती क्लचला पाय लावायला तयार नाही, म्हणते पायात गोळा येतो. इथल्या एखाद्या शिकवणाऱ्या बाईकडे चार तास बसून बघ. पैशाकडे बघू नकोस.

आत्या

२५ ऑगस्ट

आत्या,

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला सहा आठवडे लावले, कारण पहिले काही दिवस मला रागच आला होता की तू माझ्या बाजूने एक ओळही लिहिली नाहीस. तू! जिने माझ्या चौथीच्या बाईंना एका अर्ध्या मार्कासाठी शाळेबाहेर गाठलं होतं. ‘तक्रार करू नकोस’, आणि वर तो विचित्र प्रश्न. मला वाटलं, तूसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवलास.

आता सगळं कळलंय आणि राग दुसरीकडेच वळलाय. तुझ्याकडे.

तू म्हणालीस म्हणून इथल्या एका शिकवणाऱ्या बाईकडे तास लावले. ठेंगणी, सतत काहीतरी चघळणारी, कमी बोलणारी. पहिल्या दिवशी तिने काही चूक काढली नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या चौकाआधी तिने अंगातलं जाकीट काढलं आणि स्वतःच्या पायांवर टाकलं. थंडी वाजत असेल असं मला वाटलं. चौक आला. दिवा लाल होता, मला दिसत होता. आणि आत्या, मी थांबले नाही. म्हणजे थांबायचं हे मला माहीत होतं, पण पाय आपणहून जाईना. पांढऱ्या पट्ट्यावरून गाडी अर्धी पुढे गेली तेव्हा तिने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि अंगावरचा सीटबेल्ट माझ्या गळ्याला लागला. समोरून एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते. त्यांनी माझ्याकडे बघून काठी हलवली. रागाने नाही, ‘सावकाश’ म्हणून. मी रस्त्याकडेला गाडी घेतली आणि इतकी रडले की बाईने चघळणं थांबवलं.

मग तिने विचारलं, तुला गाडी कोणी शिकवली? आणि मला तुझी चप्पल दिसली. ती करड्या पट्ट्याची, अंगठ्यापाशी शिवलेली. तुझ्या बाजूच्या ब्रेकवर अधांतरी धरलेली. पुढे काही आलं की ती आधी हलायची. मग मी ब्रेक दाबायची. मी रस्ता बघतच नव्हते आत्या, मी तुझी चप्पल बघत होते! गाय रस्त्यात आहे हे मला चपलेवरून कळायचं. म्हणून तू विचारलंस, थांबताना की वळताना. तुला त्या पत्रातच कळलं होतं. आणि तू मला सांगितलं नाहीस!

म्हणजे गाडी तूच चालवत होतीस. मला नुसतं चाक धरायला दिलं होतंस, लहान मुलाच्या हातात रिकामा चमचा देतात तसं. मी ब्रेक दाबला असं मला वाटायचं, तो तू दाबलेला असायचा. आणि घरी येऊन बाबांना सांगायचीस, ‘पोरीचा ब्रेक कसा लोण्यासारखा आहे.’ कोणाचं कौतुक करत होतीस? स्वतःच्याच पायाचं?

इतर बायकांना तू असं शिकवलं नाहीस. कासाराची सून आज टेम्पो चालवते. ती कुठे कोणाचे पाय बघते? फक्त माझ्यावरच विश्वास नव्हता तुझा. एवढं होतं तर मला शिकवायचंच नव्हतं. तो उंट खरं बोलला आणि घरचं माणूस नाही, याचा राग मला कुठे ठेवायचा तेच कळत नाहीये.

मसुदा फाडून टाकला. त्याची मनात माफी मागितली. तुझी मागणार नाही.

मुंगी

८ सप्टेंबर

मुंगे,

माफी कोणी मागितलीय तुझ्याकडे? आधी ऐक, मग फणकार.

तुझा ब्रेक मी दाबला म्हणतेस? कशाने? तुला शिकवताना माझ्या बाजूला ब्रेक नव्हताच.

असा डोळा वटारू नकोस. खरं सांगते. माझ्या पायाशी जे पेडल आहे ते एका दांडीने तुझ्या बाजूच्या ब्रेकला जोडलेलं असतं, आणि दांडीत एक खीळ असते. दुपारी क्लास संपला की मी वाकून ती खीळ काढायचे, डबीत टाकायचे, आणि मग तुला हाक मारायचे, चल. सकाळी बायका यायच्या आधी पुन्हा बसवायचे. त्यांच्या वेळेला मी कधी काढली नाही, कारण त्यांच्या वेळेला मला भीती वाटत नव्हती. कासाराची सून खांबाला धडकली असती तर खांबाचं नुकसान झालं असतं. तू असतीस तर मी दर दहा पावलांवर ब्रेक मारला असता आणि तू जन्मात शिकली नसतीस. मला माझा स्वभाव माहीत होता. म्हणून खीळ काढली. पण पाय काही काढता आला नाही. तो आपला हवेत दाबत बसायचा. रोज संध्याकाळी पोटरीला तेल लावायचे मी, तुझ्या बापाला वाटायचं वय झालं.

तेव्हा लोण्यासारखा ब्रेक तुझाच होता. पहिल्या दिवसापासून. त्या पेडलने गाडी काय, माशीसुद्धा थांबली नसती. पण तू चप्पल बघतेस हे मात्र मला समजलं नव्हतं, ते तुझ्या जुलैच्या पत्रात समजलं. बघत नाही बघत नाही म्हणत त्या माणसाच्या नाडीचा दोरासुद्धा तू मोजला होतास! हसू आलं, आणि मग दिवसभर जेवण गेलं नाही. लिहायला घेतलं तर काय लिहू? सांगितलं असतं की पोरी, माझ्या पायाने तुझे डोळे खाल्ले, तर तू तिथे एकटी, कोणाच्या आधाराने उभी राहिली असतीस? म्हणून म्हटलं, दुसऱ्या कोणालातरी दाखवू दे. चुकलं असेल. मला वाटतं, चुकलं नाही.

आता माझा राग ऐक. तू मला विचारतेस, गाडी कोण चालवत होतं. मी तुला विचारते, गेले कित्येक महिने तू पिशवी पाठीला लावून त्या परक्या रस्त्यांवरून सायकल हाणतेयस. ट्रक, बस, ओला उतार, सगळं. तिथे तुझ्या शेजारी कोणाची चप्पल होती? कोणाचा पाय बघून थांबत होतीस? दे उत्तर.

आत्या

२० सप्टेंबर

आत्या,

बिनब्रेकची गाडी! ‘शिकाऊ’ची पाटी लावून! रहदारीच्या रस्त्यावर! तुला लाज कशी वाटली नाही? जिने मला नियम अक्षरांच्या आधी शिकवले, ती डबीत खीळ टाकून फिरत होती! कोणी पुढे आलं असतं तर? बाबांना कळलं असतं तर? मी तेव्हाच पोलिसात दिलं असतं तुला. अजूनही देईन. आता कोणालाच, अगदी कोणालाही, खीळ काढून शिकवणार नाहीस, असं मला लिहून पाठव.

तू म्हणतेस ब्रेक माझा. बरं. पण कधी दाबायचा ते तुझ्या पायाने ठरवलं, म्हणजे डोळे तुझेच राहिले. हिशेब तिथे मिटत नाही.

सायकलचा प्रश्न तू विचारलास. त्याचा सगळ्यात जास्त राग आलाय.

परवापासून कामावर जाताना मुद्दाम लक्ष ठेवलं. शाळेपाशी एक मुलगी चेंडू काखेत धरून उभी होती. चेंडू अजून सुटला नव्हता, आणि माझी बोटं ब्रेकवर गेली होती. मी कोणाला विचारलं नव्हतं.

मुंगी

१७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आज आधी कार्यालयाबद्दलच लिहिते, बाकीचं शेवटी.

त्याच दोन खिडक्या. बाई म्हणाली, नवीन मिळण्यासाठी जुनं लायसन्स जमा करा. मी म्हटलं, ते माझं आहे, माझ्या गावचं आहे, त्यावर माझा अठराव्या वर्षीचा फोटो आहे, तुम्हाला कशाला हवं? म्हणे, एका माणसाजवळ दोन लायसन्स नकोत. तिने ते घेतलं आणि खणात टाकलं. नुसतं टाकलं! खणात आधीच तसली पुष्कळ होती, निरनिराळ्या लिप्यांमधली, एकावर एक उपडी. प्रत्येकाच्या मागे कोणाची तरी आत्या असेल. मी म्हटलं, निदान सुलटं ठेवा. तिने माझ्याकडे बघितलं. ‘मी. काय. म्हणते. ते. समजलं. का?’ मी विचारलं, इथलीच भाषा, तितक्याच मोठ्याने, तितकीच सुटी सुटी. रांगेतला एक जण खाकरला. तिने लायसन्स सुलटं ठेवलं.

या वेळी खरंच म्हटलं हं. नंतर सुचलेलं नाही.

तेव्हा बाबांना आता सांगून टाक. आमच्या मोठ्या सिस्टरांनी उद्यापासूनची यादी बदललीय, गावाबाहेरची घरं पुन्हा माझ्याकडे. सायकल मात्र विकणार नाही.

खीळ कायमची बसवून घेतल्याचं तू लिहिलंस, ते वाचलं. वर ‘आता तरी झोप’ असंही लिहिलंस. तरी मी आल्यावर वाकून बघणार आहे.

परीक्षा घ्यायला तोच होता. उंटच. शेजारी येऊन बसला, पट्टा लावला. बाजारपेठ, शाळा, मोठा चौक, सगळीकडून नेलं. चौकात एक बाई फोनवर बोलत फुटपाथवरून उतरणार होती. ती उतरायच्या आधी गाडी थांबलेली होती. परत आल्यावर त्याने सही केली, कागद माझ्याकडे दिला, आणि दार उघडता उघडता विचारलं, ‘आज नाही बघितलंत?’

मला आधी कळेना तो कशाबद्दल विचारतोय. कळलं तोवर तो उतरून गेला होता.

म्हणून तू विचारशील तर सांगता येणार नाही. आज त्याने कुठले बूट घातले होते, मला माहीत नाही.

तुझी,
मुंगी